साहेबांचा पुळणीवरचा फोटो

साहेब बसायला तयार नव्हते. मी समुद्रकाठच्या ओल्या पुळणीवर गुडघे टेकून, कॅमेरा पोटाशी धरून बसले होते आणि साहेब माझ्यासमोरून बिळांकडे पळणाऱ्या कुर्ल्यांच्या मागे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे धावत होते. अंगाने तांबूस, एक कान उभा, एक पडलेला, जातीने अस्सल गावठी. बारा फोटोंच्या रोलमधले सहा नुसत्या शेपटीचे गेले होते.

माझ्यामागे सगुण आरोलकर उभे होते. "साहेब, बसा. साहेब, जरा बसान घेवा," असं अजिजीने सांगत होते. एकतीस वर्षं तालुक्याच्या सरकारी कचेरीत शिपाई म्हणून काढल्यावर त्यांच्या तोंडून साहेब या शब्दापुढे अरेतुरे यायचंच नाही, मग समोर कुत्रा का असेना. नाव ठेवलं होतं त्यांच्या मुलीने, वैजयंतीने, आणि मुद्दाम ठेवलं होतं. मासळीबाजारातून पिल्लू उचलून आणलं तेव्हा ती म्हणाली होती, बाबा हापिसात सायबांच्या मागसून धावतत, घराकडे साहेब बाबांच्या मागसून धावांदे. सगुणकाकांनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी साहेबांसाठी पेडव्याची डोकी वेगळी काढून ठेवू लागले.

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. वडिलांच्या हाताला कंप सुटला तेव्हापासून बाजारपेठेतला आमचा फोटो स्टुडिओ मीच बघत होते. लहान गावातल्या फोटोग्राफरला सगळं आधी कळतं. कोण दुबईला चाललाय, कोणाला मुलगी दाखवायची आहे, कोणाचं कुठे काय शिजतंय. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी वैजू आणि बेळगावहून पाव-बिस्किटांचा टेम्पो घेऊन येणारा पास्कोल माझ्याकडे आले, पासपोर्ट साइजचे फोटो काढले आणि गेले. फोटो कसल्या फॉर्मवर लागणार हे मला कळलं होतं. वैजू शाळेत माझ्या मागे दोन वर्षं होती, मला ती आवडायची. मी काही विचारलं नाही. दीडेक महिन्याने गावाला कळलं की वैजूने नोंदणी लग्न केलं आणि ती बेळगावला गेली.

सगुणकाकांनी त्यानंतर एक केलं ते भलतंच. देवळात जाऊन, गुरवाला गाऱ्हाणं घालायला लावून, पाच माणसांसमोर रवळनाथाला सांगितलं की आजपासून तिचं तोंड बघणार नाही आणि माझं तिला दाखवणार नाही. माणूस रागात घरी बसून काय वाटेल ते बोलतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. पण गाऱ्हाण्यात देवापुढे सांगितलेला शब्द आमच्याकडे मागे घेता येत नाही. घेणारे घेतात, पण सगुणकाका त्यांतले नव्हते. कचेरीतला नियम जितका पाळायचे तितकाच देवाकडचा. बायको मागेच वारलेली, मुलगी गेलेली. घरात ते आणि साहेब. वैजूची चार पत्रं आली, चारही त्यांनी न उघडता परत पाठवली.

पाचवं त्यांनी उघडलं. ते घेऊन ते माझ्या स्टुडिओत आले, स्टुलावर बसले आणि खिशातून निळं आंतरदेशीय काढून आधी मला पत्ता दाखवला. पत्त्यावर नाव होतं, 'मा. साहेब, द्वारा सगुण आरोलकर'. अक्षर वैजूचं. मग त्यांनी मला बराच वेळ समजावून सांगितलं की हे पत्र त्यांच्या नावाने आलेलं नाही, आणि साहेबांचं टपाल परस्पर परत करणं हे त्यांच्या नोकरीच्या शिस्तीत बसत नाही. ते उघडायचं, तारीख टाकायची आणि साहेबांपुढे ठेवायचं. त्याप्रमाणे त्यांनी ठेवलं.

"मी माझ्यासाठी नाय वाचलंय," ते म्हणाले. "त्यांका वाचून दाखवलंय."

मग मलाही दाखवलं. वैजूने साहेबांना शिरसाष्टांग नमस्कार घातला होता. प्रकृती कशी आहे, कुर्ल्या अजून पकडता का, शिंकेची सवय गेली का, अशी चौकशी केली होती. पुढे लिहिलं होतं की इथे समुद्र नाही, डोळे मिटले की पुळण दिसते. दिवाळीनंतर मला सातवा महिना लागेल. आपला एक फोटो पाठवाल का? मागे समुद्र दिसला पाहिजे. पत्रात बाबांचं नाव कुठेच नव्हतं. शिंक मात्र साहेबांना नव्हे, सगुणकाकांना यायची, सकाळी उठल्यावर, ओळीने दहा-बारा.

त्यांना उत्तर पाठवायचं होतं. साहेबांच्या वतीने, फक्त फोटो. चिठ्ठीचपाटी काही नाही. मी म्हटलं, काका, तुम्ही बाजूला उभे राहा, साहेब तुमच्याजवळ नीट बसतील. त्यांनी मान हलवली. "माझा तोंड येता नये," असं त्यांनी तीनदा सांगितलं. कुत्र्याच्या फोटोसाठी बोलायला आलेला माणूस इस्त्रीचा सदरा घालून आला होता. मला त्यांची फार दया आली आणि आतून लाजही वाटली, कारण त्या फॉर्मवरच्या फोटोंचं त्यांना ठाऊक नाही अशी माझी समजूत होती.

तर अशी आम्ही त्या सकाळी पुळणीवर होतो. ओहोटी होती. सूर्य नुकताच माडांच्या वर आला होता. कुत्र्याच्या फोटोचं एक आहे, त्याचा माणूस कॅमेऱ्याच्या मागे उभा करावा लागतो. कुत्रा भिंगात बघत नाही, आपल्या माणसाकडे बघतो. आणि वडिलांनी शिकवलेलं की ऊन नेहमी आपल्या पाठीवर हवं. म्हणून सगुणकाका माझ्या पाठीशी, त्यांच्या पाठीशी ऊन, समोर साहेब आणि साहेबांच्या मागे समुद्र.

कॅमेरा वडिलांचा जुना, दोन भिंगांचा. त्यात वरून वाकून काचेत बघायचं. सुरुवातीलाच काकांनी विचारलं होतं, जरा बघू का म्हणून. मी कॅमेरा धरला, ते वाकले आणि इतका वेळ बघत राहिले की माझे हात दुखायला लागले.

"ह्या दिसता ता सगळा येतला?"

मी म्हटलं, सगळा. ते परत मागे गेले, थांबले आणि दोन पावलं डावीकडे सरकले. मला वाटलं, माझ्या उजेडातून बाजूला होतायत. शहाणा माणूस, असंही वाटलं.

पण साहेब काही बसेनात. बिस्किट झालं, शिट्टी झाली, मी स्वतः भुंकूनही पाहिलं. शेवटी काका खाकरले. दोन्हीकडे बघितलं. लांब रापणीची माणसं जाळं ओढत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. मग हळू आवाजात मला म्हणाले की वैजूने साहेबांना एक शिकवून ठेवलंय, ते केलं की साहेब लगेच बसतात, पण चारचौघांत करण्यासारखं नाही. मी म्हटलं, मी कुठे तुमच्याकडे बघतेय, माझं डोकं काचेत आहे.

त्यांनी मागे काहीतरी केलं आणि साहेब धावता धावता जागच्या जागी बसले. पडलेला कानसुद्धा उभा राहिला. माझ्या डोक्यावरून वर, मागे, अशा नजरेने बघायला लागले की मी क्षणभर बटण दाबायची विसरले. मग दाबलं. आणखी दोन काढले. शब्द दिला होता म्हणून मागे वळले नाही, आणि काचेतही साहेबांच्या डोळ्यांखेरीज काही बघितलं नाही.

काय केलं ते मला अंधाऱ्या खोलीत कळलं. लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटायला लागलं. वरच्या अर्ध्यात साहेब आणि समुद्र. खालच्या अर्ध्यात कोपऱ्यात माझी गुडघे टेकलेली सावली, एक गोळा नुसता, आणि तिच्या बाजूला ओल्या वाळूवर एका उभ्या माणसाची लांबच लांब सावली, साहेबांच्या पुढच्या पायांपर्यंत पोचलेली. उजवा हात कपाळाला लावलेला. सलाम. एकतीस वर्षं कचेरीत ठोकलेला सलाम. तो केला की साहेब बसतात, असं त्या पोरीने कुत्र्याला शिकवलं होतं. मी एकटीच मोठ्याने हसले आणि हसता हसता माझे डोळे भरून आले.

एवढं कळूनही मी पुढे जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. फोटोग्राफरची सावली फोटोत येणं म्हणजे धंद्यात नाक कापून घेणं, हा वडिलांचा पहिला धडा. शिवाय काका स्वतःच म्हणाले होते की मी येता नये. मी फोटो मोठा करायचं यंत्र वर घेतलं, खालचा अर्धा भाग काढून टाकला, साहेबांना मोठं केलं. मिशांचे केससुद्धा मोजता यावेत असा फोटो झाला. दोन पांढरे ठिपके होते ते बारीक ब्रशने बुजवले आणि त्याच दिवशी रजिस्टरने बेळगावला धाडला. स्वतःवर बेहद्द खूश होते मी.

आठ दिवसांनी काका त्यांची प्रत न्यायला आले. फोटो उजेडाला धरून बघितला. उलटा करून मागची बाजू बघितली. साहेब छान आलेत म्हणाले. आणि मग विचारलं, "खालचा खय?"

मी विचारलं, खालचं काय? त्यांनी फोटोच्या खालच्या कडेखाली, जिथे काहीच नव्हतं तिथे, बोट फिरवलं.

"तू सांगलेलंस, काचेत दिसता ता सगळा येतला."

मी समजावून सांगायला लागले की काका, सावली आली होती, तो फोटोतला दोष असतो, म्हणून मी काढून टाकली. बोलता बोलताच माझा आवाज खाली गेला, कारण ते स्टुलावर बसले ते मटकन बसले.

"मी दोन पावलां सरकान बरोबर थय उभो रवलंय," ते म्हणाले. "देवाक सांगलंय तोंड दाखवूचंय नाय. सावलेक तोंड खय आसता?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फोटोकडे बघत होते.

"आता तिका वाटतला, बापाशीन कुत्रो धाडल्यान आणि आपण काय इलो नाय."

मी म्हटलं, मला कळायला हवं होतं. त्यावर ते जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही.

"बाजारात आणखी एक स्टुडिओ आसा. मी तुझ्याकडे कित्याक इलंय? तिचे फारमावरचे फोटो तू काढलेलंस म्हणान. माका वाटला, तुका कळतला."

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. दोन वर्षं रोज बाजारात ते मला बघत होते, रामराम करत होते. त्यांनी फोटो तिथेच ठेवला आणि उठून गेले.

त्याच संध्याकाळी मी पूर्ण फोटो काढला, कडेपासून कडेपर्यंत, माझ्या गोळ्यासकट. तो टपालावर सोडायची हिंमत झाली नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने, कॅमेरा पिशवीत घालून, आंबोलीचा घाट चढून मी बेळगाव गाठलं. पास्कोलची बेकरी शोधायला वास पुरला. मागच्या बोळात त्यांचं घर. वैजू सूप घेऊन दारात बसली होती, मला बघून उठायला गेली आणि पोटामुळे परत बसली.

पहिला फोटो फळीवर, मैद्याच्या डब्याला टेकून उभा होता. तिने आधी जेवायला घातलं, मग गावातल्या एकेकाची चौकशी केली, बापाला सोडून. मग स्वतःच फोटोकडे बघत म्हणाली की साहेब बसलेले आहेत, म्हणजे कुणीतरी सलाम ठोकलाय. फोटो आल्यापासून मी हाच विचार करतेय, कोणी?

"माका वाटला, बाबांनी तुका शिकवल्यानी," ती म्हणाली. "तू केलंस सलाम. ते खुर्चेर बसान रवले."

मी पिशवीतून दुसरा फोटो काढून तिच्या हातात दिला. तिने बोट सावलीच्या पायांवर ठेवून हळूहळू वर नेलं, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, कोपरापर्यंत. कपाळाशी थांबली.

"बारीक झालेत," म्हणाली.

मी म्हटलं, अगं, सकाळच्या उन्हात सगळ्यांचीच सावली बारीक पडते.

"नाय. खांदो बघ."

मग ती रडली. पास्कोल भट्टीवरून हात पुसत आला, बघून तसाच परत गेला. भला माणूस. रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, कॅमेरा आणलास का विचारलं आणि म्हणाली, आता माझा काढ.

अंगणाची भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली होती. वैजू तिच्यापासून चार हातांवर बाजू करून उभी राहिली आणि मला म्हणाली, मी दिसता कामा नये, भिंतच घे नुसती. तिची सावली भिंतीवर पडली होती, अंबाडा, नाक, हनुवटी आणि त्याखाली गोल पोट. मी म्हटलं, नाक दिसतंय हो, चालेल का? तिने विचार केला आणि म्हणाली, नाक म्हणजे काही तोंड नव्हे. पण पोट नीट येईना. कधी हाताची सावली त्यावर पडे, कधी तुळशीच्या कुंडीची. मी तिला पुढे हो, मागे हो, अशी वळ, तशी वळ, असं करत बराच वेळ उभी केली. ती घामाने निथळली. पास्कोल खुर्ची आणि पाण्याचा तांब्या घेऊन येऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तो फोटो सगुणकाकांकडे घेऊन गेले. ते पडवीत बसले होते, साहेब त्यांच्या पायांवर हनुवटी टाकून झोपले होते. काही न सांगता फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि बघू लागले. खूप वेळ बघितलं. ते रडतील असं मला वाटलं होतं, मी रुमालसुद्धा हातात धरून तयार होते.

"ह्यो कितीक वाजता काढलंस?"

मी म्हटलं, चारच्या सुमारास.

"कितीक वेळ उभी व्हती?"

मी म्हटलं, झाला असेल अर्धा तास.

ते ताडकन उठले. साहेब दचकून जागे झाले.

"सातव्या म्हयन्यात पोरीक अर्धो तास उन्हात उभी केलंस? अक्कल आसा काय तुका? डोक्यार काय व्हता तिच्या? पदर तरी?"

मी नाही म्हटल्यावर तर त्यांचा तोल सुटला. तुझ्या आईने तुला काही शिकवलं नाही का, चक्कर येऊन पडली असती म्हणजे, तो पाववाला काय करत होता, त्याला दिसत नव्हतं का, असं दहा मिनिटं मला फाडून खात होते. शेजारचे कुंपणाशी येऊन ऐकू लागले. बाहेरच्या कुणाकडून इतकं बोलून घेतलेलं मला आठवत नाही, आणि एवढा आनंदही कधी झालेला आठवत नाही. मी मान खाली घालून उभी राहिले. बोलून थकल्यावर ते आत गेले आणि आढ्याला अडकवलेली काळी छत्री घेऊन बाहेर आले. दोन महिन्यांची धूळ झटकत, माझ्याकडे न बघता विचारलं, सकाळची बेळगाव किती वाजता सुटते?

साहेबांना माझ्याकडे ठेवून ते गेले. पुढचं मला वैजूने सांगितलं. आकाश कोरडं ठणठणीत, आणि हा माणूस बेळगावच्या स्टँडपासून छत्री उघडून, ती पुढे तोंडावर वाकवून चालत आला. पत्ता विचारायचा तोही छत्रीआडून. वैजूला बोळात आधी छत्री दिसली, छत्रीखाली इस्त्रीची पॅन्ट आणि ओळखीच्या चपला. ती दारात आली.

"उन्हात उभी रवा नको," छत्री म्हणाली.

"मग आत येवा, बाबा," वैजू म्हणाली, आणि दारातून आत सरकली.

बेकरीमागचं ते दार मी पाहिलेलं आहे. मैद्याचं पोतं पाठीवर घेतलेला माणूस तिरका होऊन आत जातो. उघडी छत्री त्यातून जात नव्हती. त्यांनी एकदा सरळ घालून बघितली, एकदा आडवी. काड्या चौकटीला अडकल्या. पास्कोल मदतीला धावला, तर वैजूने त्याचा हात धरून ठेवला. ती आत उभी, ते बाहेर उन्हात उभे, आणि मध्ये छत्री, असा बराच वेळ गेला.

मग बाबांनी ती मिटली.